एक इंग्रजी क्रियापद : 'पोर्ट्रे'



इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात, नाटक-सिनेमाच्या परीक्षणात एक क्रियापद वारंवार भेटते. ते म्हणजे 'पोर्ट्रे'. शब्दकोश उघडला की त्यापुढे अर्थ सापडतो : चित्र काढणे, चित्रण करणे, वर्णन करणे. गुरुजी तो फळ्यावर लिहितात, मुले वहीत उतरवून घेतात आणि वर्ग पुढच्या शब्दाकडे वळतो.

हा अर्थ चुकीचा नाही. पण तेवढ्यावर भागतही नाही. मुलगा पुढे एक वाक्य वाचतो : 'द न्यूजपेपर पोर्ट्रेड हिम अ‍ॅज अ थीफ.' वहीतल्या अर्थाने तो भाषांतर करतो : 'वर्तमानपत्राने त्याचे चोराचे चित्र काढले.' आपल्याला हसू येते. पण मुलाने तरी दुसरे काय करावे? त्याला शब्द मिळाला, शब्दाचा स्वभाव कोणी सांगितला नाही. तो स्वभाव आज आपण पाहू. पाहायला हवा, कारण हा शब्द माणसांच्या अब्रूशी खेळणारा आहे.

आधी त्याचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत 'त्राहेरे' म्हणजे ओढणे, आणि 'प्रो' म्हणजे पुढे. दोन्ही मिळून 'पुढे ओढणे, बाहेर काढणे' असा अर्थ झाला. तो शब्द जुन्या फ्रेंच भाषेतून फिरून इंग्रजीत आला आणि झाला 'पोर्ट्रे'. या 'त्राहेरे'चे दुसरे एक अपत्य तुमच्या शेतात रोज उभे असते, बरे का. नांगर ओढणारा तो 'ट्रॅक्टर'! 'अ‍ॅट्रॅक्ट' म्हणजे आपल्याकडे ओढून घेणे. 'सबट्रॅक्ट' म्हणजे वजा करणे, एका संख्येतून दुसरी ओढून काढणे. 'कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे करार, दोन पक्षांना एकत्र ओढून बांधणे. मुलांना ही भावंडे एका ओळीत मांडून दाखवा, शब्द त्यांच्या लक्षात पक्के बसतील.

आता गंमत अशी की, आपल्या मराठीनेही हीच वाट धरली आहे. आपण रेघ 'ओढतो'. चित्र 'काढतो'. जो 'काढणे' आपण विहिरीतून पाणी काढताना वापरतो, तोच चित्रालाही वापरतो. म्हणजे चित्र काढणे हे, मूळ कल्पनेत, आत असलेले काही तरी बाहेर आणणे आहे. 'पोर्ट्रे'चा गाभा हाच. माणसाच्या ठायी जे आहे, किंवा आहे असे काढणाऱ्याला वाटते, ते बाहेर ओढून लोकांपुढे मांडायचे. 'काढणाऱ्याला वाटते' हे शब्द ध्यानात ठेवा. त्यांच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

या क्रियापदाचे मुख्य उपयोग चार आहेत. एकेक घेऊ.

पहिला उपयोग रंग-रेषांचा. 'द आर्टिस्ट पोर्ट्रेड द क्वीन.' चित्रकाराने राणीचे चित्र काढले, राणी चितारली. येथे आपले 'चितारणे' किंवा 'रेखाटणे' चालते. अशा व्यक्तिचित्राला 'पोर्ट्रेट' म्हणतात. इंग्लंडच्या इतिहासातला ऑलिव्हर क्रॉमवेल तुम्हाला माहीत असेल. १६५८ साली तो वारला. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात की, चित्रकाराला त्याने बजावले : माझ्या तोंडावर जे आहे ते सगळे काढ, चामखिळीसुद्धा वगळू नकोस. गोष्ट लिहिली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांनी, तेव्हा ती अक्षरशः खरी मानायचे कारण नाही. पण त्याच्या चित्रांत चामखिळी दिसतात हे खरे. चित्रकार काय घेतो आणि काय सोडतो, यावर माणसाचे रूप ठरते, एवढे त्या गोष्टीवरून मुलांना चटकन कळते.

दुसरा उपयोग शब्दांचा. 'द नॉव्हेल पोर्ट्रेज व्हिलेज लाइफ.' कादंबरीत खेड्यातले जीवन रंगविले आहे. कोणी विचारील, मग 'डिस्क्राइब' आणि 'पोर्ट्रे' यांत फरक तो काय? फरक आहे. 'डिस्क्राइब' म्हणजे वर्णन करणे. उंची पाच फूट, रंग सावळा, कपाळावर वण. पोलीस ठाण्यात हरवलेल्या माणसाचे वर्णन देतात ते हे. 'पोर्ट्रे' म्हणजे तो माणूस डोळ्यांपुढे उभा करणे : कसा बोले, कशावर चिडे, दारात आलेल्याला काय म्हणे. आपला शाहीर डफावर थाप मारून रणातला वीर उभा करतो, ते 'पोर्ट्रे' करणे. म्हणून येथे मराठीत 'उभा करणे' किंवा 'रंगविणे' हे शब्द नेमके बसतात. 'डिपिक्ट' नावाचे याचे एक सख्खे भावंड आहे. ते देखाव्यांना, प्रसंगांना अधिक वापरतात आणि 'पोर्ट्रे'चा ओढा माणसांकडे अधिक. पण दोघांमधली ही सीमा काही दगडी कुंपणाची नव्हे, एकाच्या जागी दुसरे आलेले पुष्कळदा दिसते.

तिसरा उपयोग रंगभूमीचा. 'शी पोर्ट्रेड अ‍ॅन ओल्ड विडो इन द प्ले.' तिने नाटकात म्हाताऱ्या विधवेची भूमिका केली. साध्या बोलण्यात इंग्रज माणूस 'प्ले' म्हणेल, लिहिताना जरा भारदस्तपणे 'पोर्ट्रे' म्हणेल. मराठीत आपल्याकडे यासाठी 'वठविणे' हा सुरेख शब्द आहे. गावात बहुरूपी येतो. खाकी गणवेश, हातात दंडुका, 'तुमच्या नावाचे वॉरंट आहे' म्हणून दारात गर्जतो. पोरे घाबरतात, मोठी माणसे हसतात आणि त्याच्या झोळीत पसाभर धान्य पडते. तो फौजदार वठवितो. कोणी फसत नाही, कारण सोंग आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण तसाच गणवेश चढवून एखादा ठक खरोखरीच पैसे उकळू लागला, तर त्याला 'पोर्ट्रे' म्हणत नाहीत, त्याला 'इम्पर्सोनेट' हा वेगळा शब्द आहे. तोतयेगिरी ती.

चौथा उपयोग सर्वांत महत्त्वाचा, आणि मुले अडखळतात ती येथेच. 'पोर्ट्रे' या क्रियापदाला 'अ‍ॅज' जोडून येते तेव्हा : अमक्याला तमका 'म्हणून' दाखविणे. 'द न्यूजपेपर पोर्ट्रेड हिम अ‍ॅज अ थीफ.' म्हणजे, वर्तमानपत्राने तो चोर असल्यासारखे त्याला रंगविले.

आता ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. 'ही इज अ थीफ', तो चोर आहे. 'ही इज पोर्ट्रेड अ‍ॅज अ थीफ', त्याला चोर म्हणून दाखविले जाते. पहिल्या वाक्यात बोलणारा स्वतः ग्वाही देतो. दुसऱ्यात तो ग्वाही देत नाही, दाखविणाऱ्याची जबाबदारी दाखविणाऱ्यावरच ठेवतो. तो माणूस चोर नाही, असेही वाक्य म्हणत नाही. दाखविणारा खरा असेल किंवा खोटा असेल, ते तुम्ही तपासा, एवढेच ते सुचविते.

खेड्यातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार कष्ट नकोत. आपल्या बोलीत यासाठी एक चिमुकला शब्द आहे : 'म्हणे'. 'त्याने विहिरीचे पैसे खाल्ले' हे एक बोलणे झाले, आणि 'त्याने विहिरीचे पैसे खाल्ले म्हणे' हे दुसरे. पारावर बसलेल्या कोणालाही यातला फरक कळतो. 'पोर्ट्रेड अ‍ॅज' मध्ये या 'म्हणे'चा अंश आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. 'म्हणे' ऐकीव असते, वाऱ्यावर येते. 'पोर्ट्रे' मात्र कोणी तरी हाताने केलेले असते. म्हणून हा शब्द दिसला की दोन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लावा. दाखविले कोणी? आणि तो माणूस खरोखर होता कसा?

हे दोन प्रश्न किती मोलाचे आहेत, याचा एक दाखला इंग्लंडच्याच इतिहासात आहे. तिसरा रिचर्ड हा राजा १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडला. त्याला हरवून ट्यूडर घराणे गादीवर आले. पुढे सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शेक्सपिअरने त्याच्यावर नाटक लिहिले. तेव्हा गादीवर होती एलिझाबेथ राणी, रिचर्डला हरविणाऱ्या सातव्या हेन्रीची सख्खी नात. नाटकात रिचर्ड आला तो कुबडा, वाळल्या हाताचा, मनानेही काळाकुट्ट. नाटक इतके जबरदस्त की, चारशे वर्षे लोकांच्या मनात रिचर्ड म्हटले की तेच रूप उभे राही. मग २०१२ साली लेस्टर गावी मोटारी उभ्या करण्याच्या जागेखाली उत्खनन झाले आणि एक सांगाडा निघाला. त्याच्या बहिणीच्या वंशातील हयात व्यक्तींशी आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिले, आणि हा रिचर्डच, असे २०१३ साली तेथील विद्यापीठाने जाहीर केले. कणा एका अंगाला वाकलेला होता, म्हणजे एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर दिसत असणार. पण कुबड नव्हते आणि हातही वाळलेला नव्हता. त्याने आपल्या पुतण्यांचा जीव घेतला की नाही, ते हाडे सांगत नाहीत. पण 'शेक्सपिअर पोर्ट्रेज रिचर्ड अ‍ॅज अ हंचबॅक' हे वाक्य बरोबर, आणि 'रिचर्ड वॉज अ हंचबॅक' हे वाक्य चूक. दोहोंतले अंतर दाखवायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

तुम्ही म्हणाल, ते इंग्लंडचे झाले, आपल्याकडचे सांगा. सांगतो. छत्रपती संभाजी महाराजांचा वध १६८९ साली झाला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. तीत संभाजी महाराज व्यसनी, क्रूर, राज्य बुडविणारे असे रंगविलेले आहेत. हे चिटणीस बाळाजी आवजींचे वंशज, आणि बाळाजी आवजींना कटाच्या संशयावरून संभाजी महाराजांनी १६८१ साली देहदंड दिला होता. लिहिणाऱ्याने जाणूनबुजून विपरीत लिहिले, असे म्हणण्याची गरज नाही. पण घरात पिढ्यानपिढ्या सांगितली गेलेली हकीकत कोणत्या बाजूने सांगितलेली असणार, हे ज्याचे त्याने समजावे. बखरीतले ते रूप नाटककारांनी उचलले, रंगभूमीवर वठविले आणि लोकांना तेच खरे वाटू लागले.

मग वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षे खपून, समकालीन कागदपत्रे ताडून संभाजी महाराजांचे चरित्र १९६० साली प्रसिद्ध केले, आणि वेगळाच पुरुष समोर आला : संस्कृत जाणणारा, अनेक शत्रूंशी एकाच वेळी झुंजणारा. याच बेंद्र्यांनी १९३३ साली शिवाजी महाराजांचे जुने चित्र शोधून लोकांसमोर आणले होते. तोवर भलत्याच एका सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात असे. पाहा योग कसा. बापाचे 'पोर्ट्रेट' दुरुस्त केले आणि मुलाचे 'पोर्ट्रेअल'ही दुरुस्त केले, दोन्ही एकाच माणसाने. आणि दोन्ही केले ते आपले दोन प्रश्न विचारून : हे दाखविले कोणी, आणि खरे कसे होते?

राजांच्या बाबतीत निदान कोणी तरी कागद शोधतो. गरिबांचे काय? १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला, 'क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट'. कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या. पाळण्यातले मूलसुद्धा गुन्हेगार! पुढे हा कायदा साऱ्या देशाला लागू झाला. नावनोंदणी, हजेरी, परवान्यावाचून गाव सोडायला बंदी. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच होती, 'सेटलमेंट' म्हणत तिला. या लोकांचे चित्र कागदावर कोणी काढले? त्यांच्यावर पहारा ठेवणाऱ्यांनी. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, या जमाती विमुक्त झाल्या. कायदा गेला, पण चित्र तितक्या सहजी गेले नाही. गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायचे, ही रीत कायद्याच्या पाठीमागे कितीतरी वर्षे उरली.

आणि मग एक नवी गोष्ट घडली. ज्यांचे चित्र दुसरे काढीत होते, त्यांनीच लेखणी हाती घेतली. कैकाडी समाजातील लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भूक, पोलिसांचा मार, शाळेची ओढ, आईबापांची माया, हे सगळे त्यांनी आतून दाखविले. आपल्या माणसांचे दोषही लपविले नाहीत. चामखिळीसह काढलेले चित्र म्हणतात ते असे.

येथे एक बारीक भेद ध्यानात घ्या. 'पोर्ट्रे'पुढे 'हिमसेल्फ' आले, म्हणजे स्वतःचेच चित्र काढले, की ते खरेच असते असे मात्र नाही. 'ही पोर्ट्रेज हिमसेल्फ अ‍ॅज अ फ्रेंड ऑफ द पुअर.' तो स्वतःला गरिबांचा कैवारी म्हणवितो. निवडणुकीच्या दिवसांत या वाक्याचा अर्थ तुम्हाला मी समजावून सांगावा असे नाही. तेथेही ते दोन प्रश्न लागू आहेतच.

आता वर्गासाठी व्याकरणाच्या चार सूचना, झटपट.

उच्चार करताना 'पोर्ट्रे'मध्ये जोर शेवटच्या 'ट्रे'वर द्यावा. 'पोर्ट्रेट'मध्ये तो पहिल्या 'पोर्'वर येतो आणि शेवट 'ट्रिट'सारखा ऐकू येतो. 'पोर्ट्रेअल' हे नाम, म्हणजे दाखविण्याची रीत. 'पोर्ट्रेट' टांगता येते, 'पोर्ट्रेअल' टांगता येत नाही, एवढे सांगितले की मुले गोंधळत नाहीत.

भूतकाळ करताना शेवटचा वाय बदलत नाही, कारण त्याच्या आधी ए हा स्वर आहे. 'प्ले'चे 'प्लेड' तसे 'पोर्ट्रे'चे 'पोर्ट्रेड', नुसते ई-डी जोडायचे. 'कॅरी'मध्ये वायचा आय होतो, तसे येथे करू नये.

हे क्रियापद सकर्मक आहे, कर्म थेट घेते. मराठीत आपण 'त्याच्याविषयी' म्हणतो, म्हणून मुले मध्ये 'अबाउट' घुसडतात. 'पोर्ट्रे अबाउट' असे काही नाही. आणि जोडायचे ते 'अ‍ॅज'च. त्यापुढे नाम चालते, विशेषणही चालते : 'अ‍ॅज अ हीरो', 'अ‍ॅज लेझी'.

शेवटची सूचना : 'समजावून सांगणे' या अर्थी हा शब्द वापरू नये. गणित 'पोर्ट्रे' करीत नाहीत, 'एक्सप्लेन' करतात.

सरावासाठी फार लांब जायला नको. इसापाच्या आणि आपल्या आजीच्या गोष्टी घ्या. 'द डॉन्की इज पोर्ट्रेड अ‍ॅज अ फूल.' गाढव मूर्ख म्हणून दाखविले आहे. कोणी दाखविले? गोष्ट सांगणाऱ्याने. आता कुंभाराच्या मुलाला विचारा, गाढव कसे असते. तो सांगेल, वाट एकदा दाखविली की पुन्हा दाखवावी लागत नाही, आणि झेपेल त्याहून जास्त ओझे घातले तर जागचे हलत नाही. यात मूर्खपणा कोठे आहे? मुलांना दोन वाक्ये लिहू द्या, गोष्टीतले गाढव आणि कुंभाराचे गाढव. तसेच गोष्टीतली सावत्र आई घ्या. ती नेहमी दुष्टच का? वर्गातल्या एखाद्या मुलीला खरोखरच सावत्र आई असेल, आणि ती तिची वेणी घालून, डबा बांधून तिला शाळेत धाडीत असेल. त्या मुलीला त्या दिवशी इंग्रजीचा तास आपला वाटेल.

शिक्षकहो, आपणही रोज हे क्रियापद वापरतो, इंग्रजीत बोललो नाही तरी. प्रगतिपुस्तकात आपण शेरा लिहितो : 'मठ्ठ', 'आळशी', 'लक्ष नाही'. पालकाला वाचता येत नसले तर दुसऱ्याकडून वाचून घेतो आणि घरी तोच शब्द मुलाचे नाव होऊन बसतो. ते पोर पहाटे उठून धारा काढून, दोन कोस चालून आलेले असते, हे त्या शेऱ्यात येत नाही. शेरा जरूर लिहावा, खरा लिहावा. पण 'मठ्ठ आहे' असे लिहिण्यापूर्वी, हे चित्र मी काढतो आहे, एवढे मनाशी म्हणावे, आणि त्या पोराच्या घराकडे एकदा जाऊन यावे.